लिनक्सवर पॅकेज बसवताना: डिस्ट्रो ओळखण्यापासून ते काढून टाकण्यापर्यंत

ओळखीच्यांची लिनक्सची मशिनं दुरुस्त करताना मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. हवं ते सॉफ्टवेअर लिनक्सवर मिळत असतंच, पण ते मिळवायला कुठून तरी उचललेली कमांड चालवलेली असते आणि तिनेच मशीन अडवलेलं असतं. उबुंटूचा पीपीए (उबुंटूसाठी कुणी स्वतंत्रपणे चालवलेलं पॅकेजांचं, म्हणजे बसवायला तयार सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यांचं, भांडार) डेबियनमध्ये घातलेला. मिंटवर मिंटचंच सांकेतिक नाव देऊन बाहेरचा रेपो (पॅकेजांचं ऑनलाइन भांडार) जोडलेला. आर्चवर अर्धवट अपडेट. पायथनची लायब्ररी (प्रोग्रॅमना लागणारा तयार कोड) थेट सिस्टिममध्ये ढकललेली. या चारही चुका टाळायला कमांड पाठ असाव्या लागत नाहीत, कामाचा क्रम पाळावा लागतो. तो क्रम इथे सविस्तर देतो आहे.

उदाहरण म्हणून सगळीकडे टेसरॅक्ट घेतलं आहे. छापील मराठी पानाच्या फोटोतून मजकूर काढून देणारं हे मुक्त सॉफ्टवेअर. निवडायचं कारण असं की प्रत्येक डिस्ट्रोत (उबुंटू, फेडोरा अशा लिनक्सच्या प्रत्येक रूपात) त्याच्या पॅकेजची नावं वेगळी आहेत आणि मराठीचा डेटा वेगळा बसवावा लागतो, त्यामुळे लोक अडतात त्या बहुतेक जागा यात येतात.

कमांड कशा वाचायच्या

कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत, फोनवरून कुणाला सांगाव्यात तशा. टर्मिनलमध्ये त्या रोमन अक्षरांतच टाइप करायच्या. वेगळं सांगितलं नसेल तर सगळी अक्षरं लहान. डॉट, स्लॅश, हायफन जसेच्या तसे. सुडो म्हणजे एस-यू-डी-ओ, ॲप्ट म्हणजे ए-पी-टी, डीएनएफ तसंच, झिपर म्हणजे झेड-वाय-डबल पी-ई-आर, पॅकमन म्हणजे पी-ए-सी-एम-ए-एन आणि टेसरॅक्ट म्हणजे टी-ई-डबल एस-ई-आर-ए-सी-टी.

सावधान: व्हॉट्सॲपवरून किंवा वर्डच्या फाइलमधून आलेली कमांड जशीच्या तशी चिकटवू नका. शेजारचे दोन हायफन तिथे कधी एकच लांब रेघ होतात, सरळ अवतरणचिन्हं वाकडी होतात, पहिलं अक्षर आपोआप मोठं होतं. डोळ्यांना फरक जाणवत नाही, पण टर्मिनलला ती वेगळी चिन्हं आहेत. अशी कमांड हाताने टाइप करा.

## टप्पा १: आपल्या हातात नक्की काय आहे?

"माझ्याकडे लिनक्स आहे" एवढ्यावर पुढे जाता येत नाही. टर्मिनल उघडून ही कमांड द्या:

कॅट /ईटीसी/ओएस-रिलीज

येणाऱ्या ओळींपैकी चार महत्त्वाच्या. "आयडी" हे तुमच्या डिस्ट्रोचं नाव. "आयडी_लाइक" म्हणजे तो कुणाच्या घराण्यातला, ते. "व्हर्जन_आयडी" म्हणजे आवृत्ती आणि "व्हर्जन_कोडनेम" म्हणजे त्या आवृत्तीचं सांकेतिक नाव. हे कागदावर लिहून ठेवा, पुढे दोनदा लागणार आहे.

आता घराणं ठरवा. त्यावरून तुमचा पॅकेज मॅनेजर (पॅकेज बसवणारी आणि काढणारी कमांड) कोणता ते कळतं:

१. डेबियन, उबुंटू, मिंट, रास्पबेरी पायची सिस्टिम, सी-डॅकची बॉस लिनक्स: इथे ॲप्ट चालतं आणि फाइल .डेब असते.
२. फेडोरा, रेड हॅट, अल्मालिनक्स, रॉकी: डीएनएफ, फाइल .आरपीएम.
३. ओपनसुसे: झिपर. फाइल .आरपीएमच, पण फेडोराची .आरपीएम इथे चालेल असं समजू नका.
४. आर्च, मांजारो, एन्डेव्हरओएस: पॅकमन.

मिंटवाल्यांनी जरा थांबावं. मिंटची दोन रूपं आहेत. नेहमीचा मिंट उबुंटूवर उभा आहे, आणि एलएमडीई नावाचा थेट डेबियनवर. नेहमीच्या मिंटमध्ये "उबुंटू_कोडनेम" ही एक जास्तीची ओळ असते. मिंट २२ चं स्वतःचं नाव विल्मा, पण तो उभा आहे उबुंटू २४.०४ वर, ज्याचं नाव नोबल. बाहेरचा रेपो जोडताना नोबल लिहायचं. विल्मा लिहिलं तर सर्व्हर ४०४ (फाइल सापडत नाही) देतो, आणि लोक तासभर नेटलाच दोष देत बसतात.

मग प्रोसेसरची जात बघा:

युनेम -एम

"एक्स८६_६४" आलं तर नेहमीचा ६४ बिटचा लॅपटॉप किंवा डेस्कटॉप. "एएआर्च६४" आलं तर एआरएम, म्हणजे रास्पबेरी पायसारखं मशीन. डेबियनच्या जगात पहिल्याला एएमडी६४ आणि दुसऱ्याला एआरएम६४ म्हणतात. इंटेलचा प्रोसेसर असला तरी एएमडी६४ हेच पॅकेज घ्यायचं. "माझा तर इंटेल आहे" म्हणून दुसरंच काही उतरवून घेणारे मी अनेक पाहिले आहेत.

तपासणी: तुमच्या आवृत्तीची मुदत संपलेली नाही ना? उबुंटूच्या एलटीएस (दीर्घ मुदतीच्या) आवृत्तीला पाच वर्षं नेहमीचे अपडेट मिळतात, मधल्या आवृत्त्यांना फक्त नऊ महिने. फेडोराची एक आवृत्ती साधारण तेरा महिने चालते. सेंटओएस लिनक्स ७ ची मुदत ३० जून २०२४ ला संपली. मुदत संपलेल्या सिस्टिमवर पॅकेज बसत नसेल तर बसवण्याची धडपड सोडा आणि आधी सिस्टिम नवी करा.

## टप्पा २: बसवण्याआधीची तयारी

हा टप्पा लोक वगळतात आणि मग पुढच्या टप्प्यांवर अडकतात.

हक्क. सुडो (पुढची कमांड व्यवस्थापकाच्या हक्काने चालवणारा शब्द) पासवर्ड मागतो तेव्हा टाइप केलेलं बहुतेक डिस्ट्रोंत पडद्यावर काहीच दिसत नाही, तारेही नाहीत; मिंटसारख्या काहींत तारे दिसतात. कीबोर्ड बिघडलेला नाही. टाइप करून एंटर दाबा.

डेबियनवर मात्र एक खरी अडचण येते. सिस्टिम बसवताना रूटचा (मुख्य व्यवस्थापकाच्या खात्याचा) पासवर्ड दिला असेल, तर डेबियन तुमच्या खात्याला सुडोचा हक्क देत नाही. मग "सुडोअर्स फाइलमध्ये नाव नाही" असा संदेश येतो. उपाय:

एसयू -
युजरमॉड -एजी सुडो तुमचं-खातं

पहिल्या ओळीतला हायफन सोडू नका. तो नसेल तर "युजरमॉड सापडत नाही" असं उत्तर येतं, कारण व्यवस्थापकाच्या कमांडचा मार्ग लोड झालेला नसतो. दुसऱ्या ओळीत ए लहान आणि जी मोठा. ए विसरलात तर खातं बाकीच्या सगळ्या गटांतून बाहेर पडतं. हे झालं की लॉगआउट करून पुन्हा आत या; नवा गट त्याशिवाय लागू होत नाही. फेडोरा आणि आर्चमध्ये या गटाचं नाव व्हील आहे.

घड्याळ. शाळेतल्या किंवा वाचनालयातल्या जुन्या डेस्कटॉपवर हे हमखास बघा. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की मशीन चालू करताना तारीख अनेक वर्षं मागे जाते. रेपोच्या याद्यांवर तारखा असतात, सुरक्षित जोडणीच्या प्रमाणपत्रांवरही असतात. तारीख मागे असेल तर ॲप्ट म्हणतं, "रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट". संदेशात घड्याळाचा उल्लेख नसल्यामुळे शोध भलतीकडे जातो. "टाइमडेटसीटीएल" ही कमांड देऊन तारीख बघा, चुकली असेल तर दुरुस्त करा आणि सेल बदला.

जागा. "डीएफ -एच" द्या. मूळ विभाजनात, म्हणजे नुसत्या स्लॅशसमोर, निदान दोन-तीन जीबी मोकळे हवेत. /बूट वेगळं असेल तर तेही बघा. जुन्या कर्नलांनी (कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा) ते भरलं की साधं पॅकेजसुद्धा अर्ध्यावर अडतं. उबुंटूवर "सुडो ॲप्ट क्लीन" दिलं की आधी उतरवलेल्या .डेब फाइली जातात आणि मूळ विभाजनात जागा होते. /बूटमध्ये मात्र त्याने काही फरक पडत नाही. तिथे जुनी कर्नलं "सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह" ने काढावी लागतात.

परतीची वाट. मिंटमध्ये टाइमशिफ्ट आधीच असतं. मोठा बदल करण्याआधी त्यात एक स्नॅपशॉट (सिस्टिमच्या आत्ताच्या स्थितीची प्रत) घ्या. ओपनसुसे बीटीआरएफएसवर (डिस्कवर फाइली मांडण्याची एक पद्धत) बसवलेलं असेल तर स्नॅपर बदलाच्या आधी आणि नंतर आपोआप स्नॅपशॉट घेतो, आणि बूटच्या यादीतून मागच्या स्थितीत जाता येतं. टाइमशिफ्टमध्ये मूळ सेटिंगप्रमाणे होम फोल्डर धरलेलं नसतं, म्हणून तुमच्या फाइलींची प्रत वेगळी ठेवा.

## टप्पा ३: यादी ताजी करा

पॅकेज मॅनेजर मागणीप्रमाणे इंटरनेटभर शोधत नाही. तो तुमच्या डिस्कवरच्या यादीत बघतो. यादी जुनी असेल तर तो सर्व्हरवरून कधीच हटवलेली फाइल मागतो आणि ४०४ मिळतो. पॅकेज "सापडत नाही" म्हणणाऱ्या मशिनांवर मला बहुतेक वेळा हेच कारण आढळलं आहे.

डेबियन घराणं:

सुडो ॲप्ट अपडेट

अपडेटने फक्त यादी ताजी होते, एकही पॅकेज बदलत नाही. बसवलेली पॅकेजं नवी करणारी कमांड वेगळी: "सुडो ॲप्ट अपग्रेड". दोन्हीत गल्लत करू नका. आउटपुटमधल्या ओळी वाचा. "हिट" आणि "गेट" ठीक. "एरर" किंवा "इग्नोर्ड" दिसलं तर तो रेपो आधी निस्तरा.

डेबियन डीव्हीडीवरून बसवलं असेल तर ॲप्ट चक्क डिस्क घाला म्हणतं. /ईटीसी/ॲप्ट/सोर्सेस.लिस्ट या फाइलमध्ये "डेब सीडीरॉम" ने सुरू होणारी ओळ असते. तिच्या आधी हॅश टाका आणि पुन्हा अपडेट करा.

फेडोरा घराणं: डीएनएफ यादी स्वतःच ताजी करतं. शंका असेल तर कमांडमध्ये "--रिफ्रेश" जोडा.

ओपनसुसे: "सुडो झिपर रिफ्रेश". पूर्ण सिस्टिम नवी करताना लीपवर (ठराविक आवृत्त्यांचं ओपनसुसे) "झिपर अप", पण टम्बलवीडवर (सतत नवं होत राहणारं ओपनसुसे) "झिपर डप". टम्बलवीडवर अप देत राहिलात तर काही महिन्यांनी पॅकेजांचा मेळ बसेनासा होतो.

आर्च घराणं:

सुडो पॅकमन -एसवाययू

एस मोठा, वाय आणि यू लहान. ही कमांड यादी ताजी करते आणि सगळी सिस्टिमही नवी करते. आर्चवर या दोन गोष्टी वेगळ्या करायच्या नाहीत.

सावधान: "पॅकमन -एसवाय" पुढे पॅकेजचं नाव, ही कमांड अनेक जुन्या लेखांत दिसते. ती चालवू नका. यादी नवी, बाकी सिस्टिम जुनी आणि एकच पॅकेज नवं अशी अवस्था होते. ते पॅकेज नवी लायब्ररी ओढून आणतं, आणि त्या लायब्ररीच्या जुन्या रूपावर चालणारे इतर प्रोग्रॅम बंद पडतात. आर्च अशा अर्धवट अपडेटला आधारच देत नाही.

याला एक अपवाद आहे. अनेक महिने बंद पडलेलं आर्च मशीन उघडलं की सह्यांच्या किल्ल्या (पॅकेजवरची डिजिटल सही खरी का ते तपासणाऱ्या) जुन्या झालेल्या असतात आणि प्रत्येक पॅकेजवर सहीची तक्रार येते. तेव्हा आधी "-एसवाय आर्चलिनक्स-कीरिंग" आणि लगेच, मध्ये काहीही न करता, "-एसयू".

## टप्पा ४: पॅकेजचं नाव शोधा, अंदाजाने टाइप करू नका

एकाच सॉफ्टवेअरची नावं वेगवेगळ्या डिस्ट्रोंत वेगळी असतात. अपाचे वेब सर्व्हर डेबियनमध्ये "अपाचे२", फेडोरात "एचटीटीपीडी", आर्चमध्ये "अपाचे". सॉफ्टवेअर कंपाइल करताना लागणाऱ्या हेडर फाइलींच्या पॅकेजमागे डेबियनमध्ये "-डेव्ह" लागतं आणि फेडोरात "-डेव्हेल". आर्चमध्ये त्या बहुधा मूळ पॅकेजमध्येच असतात. म्हणून एका डिस्ट्रोसाठीचं नाव दुसऱ्यावर चाललं नाही तर सॉफ्टवेअर तिथे नाही असा निष्कर्ष काढू नका. शोधा:

डेबियन: ॲप्ट सर्च टेसरॅक्ट
फेडोरा: डीएनएफ सर्च टेसरॅक्ट
ओपनसुसे: झिपर सर्च टेसरॅक्ट
आर्च: पॅकमन -एसएस टेसरॅक्ट (पहिला एस मोठा, दुसरा लहान)

शोधायला सुडो लागत नाही. डेबियन आणि उबुंटूत इंजिनाचं पॅकेज "टेसरॅक्ट-ओसीआर" आणि मराठीचा डेटा "टेसरॅक्ट-ओसीआर-एमएआर". फेडोरात अनुक्रमे "टेसरॅक्ट" आणि "टेसरॅक्ट-लँगपॅक-एमएआर". आर्चमध्ये "टेसरॅक्ट" आणि "टेसरॅक्ट-डेटा-एमएआर". एमएआर हा मराठीचा तीन अक्षरी कोड. दोन अक्षरी एमआर इथे चालत नाही. लिब्रेऑफिसच्या मराठी पॅकेजात मात्र एमआरच लागतं. म्हणून म्हणतो, शोधा.

उबुंटूवर काहीच सापडलं नाही तर "युनिव्हर्स" नावाचा विभाग बंद असण्याची शक्यता आहे. टेसरॅक्ट त्यातच येतं. "सुडो ॲड-ॲप्ट-रिपॉझिटरी युनिव्हर्स" देऊन तो चालू करा आणि पुन्हा ॲप्ट अपडेट करा.

तपासणी: नाव सापडल्यावर "ॲप्ट शो", "डीएनएफ इन्फो", "झिपर इन्फो" किंवा "पॅकमन -एसआय" (एस मोठा, आय लहान) पुढे ते नाव देऊन वर्णन वाचा. सारख्या नावाची भलतीच पॅकेजं असतात.

## टप्पा ५: बसवा, पण वाय दाबण्याआधी वाचा

डेबियन, उबुंटू, मिंट:
सुडो ॲप्ट इन्स्टॉल टेसरॅक्ट-ओसीआर टेसरॅक्ट-ओसीआर-एमएआर

फेडोरा:
सुडो डीएनएफ इन्स्टॉल टेसरॅक्ट टेसरॅक्ट-लँगपॅक-एमएआर

ओपनसुसे:
सुडो झिपर इन्स्टॉल, पुढे शोधात सापडलेली नावं

आर्च:
सुडो पॅकमन -एसवाययू टेसरॅक्ट टेसरॅक्ट-डेटा-एमएआर

आर्चवर मराठीचं पॅकेज त्याच ओळीत का दिलं, ते सांगतो. नुसतं टेसरॅक्ट मागितलं तर पॅकमन शंभराहून जास्त भाषांची यादी दाखवून कोणती हवी असं विचारतो. न वाचता एंटर दाबला की यादीतली पहिली, म्हणजे आफ्रिकान्स बसते. मग मराठी पान दिलं की डेटाच नाही अशी तक्रार येते. पॅकमनने क्रमांक विचारला की एंटर हे उत्तर नसतं.

कमांड दिल्यावर मॅनेजर एक सारांश दाखवून होय-नाही विचारतो. सगळ्या प्रक्रियेतला हा सर्वांत महत्त्वाचा क्षण आहे. लोक इथेच वाय दाबून पुढे जातात, आणि कमांडमागे "-वाय" जोडण्याची सवय असणाऱ्यांना तर सारांश वाचायची संधीच मिळत नाही. सारांशात तीन गोष्टी बघा.

किती नवी पॅकेजं येणार. टेसरॅक्टसाठी थोडी येतील. छोट्या सॉफ्टवेअरसाठी तीनशे येणार असतील तर नाव चुकलं आहे.

किती जागा लागणार.

आणि काय काढलं जाणार. ॲप्टमध्ये "विल बी रिमूव्हड" (नव्या ॲप्टमध्ये "रिमूव्हिंग") असा वेगळा परिच्छेद येतो. काहीतरी बसवायला सांगितलं आणि डेस्कटॉप, पायथन३ किंवा नेटवर्क मॅनेजर काढण्याच्या यादीत दिसला, तर एन दाबा. कोणत्याही परिस्थितीत एन. अशा वेळी बहुतेकदा एखादा परका रेपो पॅकेजांचा मेळ बिघडवत असतो, आणि वाय दाबलं की पुढच्या वेळी काळा पडदा उघडतो. कुणी फोन केला की मी आधी हाच परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवायला सांगतो.

नुसतं बघायचं असेल तर ॲप्टला "-एस", झिपरला "--ड्राय-रन", डीएनएफला "--असूमनो" जोडा. काहीही न बदलता सारांश मिळतो.

## टप्पा ६: बसलं का ते बघा

संदेशात चूक आली नाही म्हणजे काम झालं, असं नसतं. टेसरॅक्टसाठी:

टेसरॅक्ट --लिस्ट-लँग्ज

यादीत एमएआर दिसायला हवं. मग एखाद्या स्वच्छ छापील पानाचा फोटो घ्या:

टेसरॅक्ट पान.पीएनजी निकाल -एल एमएआर

निकाल.टीएक्सटी ही फाइल तयार होते. "-एल एमएआर" विसरलात तर इंग्रजी धरलं जातं आणि देवनागरी पानातून रोमन अक्षरांचा कचरा बाहेर येतो. अशा वेळी पॅकेज पुन्हा बसवू नका, कमांड बघा.

बाकी कोणत्याही पॅकेजसाठी: प्रोग्रॅमचं नाव आणि "--व्हर्जन". "कमांड नॉट फाउंड" आलं तर पॅकेजचं आणि प्रोग्रॅमचं नाव वेगळं असू शकतं. डेबियनमध्ये "एफडी-फाइंड" हे पॅकेज बसवल्यावर प्रोग्रॅमचं नाव "एफडीफाइंड" निघतं. "डीपीकेजी -एल" (एल मोठा) पुढे पॅकेजचं नाव दिलं की त्यातल्या सगळ्या फाइली दिसतात. फेडोरा आणि ओपनसुसेवर "आरपीएम -क्यूएल", आर्चवर "पॅकमन -क्यूएल" (क्यू मोठा).

## टप्पा ७: रेपोत नसेल किंवा फार जुनं असेल तर

आता बाहेर बघायचं, पण तेही क्रमाने. वरचा मार्ग मिळत असेल तर खालचा नको.

१. डिस्ट्रोशी जुळणारे जास्तीचे रेपो. फेडोरासाठी आरपीएम फ्यूजन, रेड हॅट घराण्यासाठी ईपेल. अल्मालिनक्स आणि रॉकीवर ईपेल जोडताना सीआरबी हा विभागही चालू करा, नाहीतर अवलंबून असलेली पॅकेजं सापडत नाहीत.

२. फ्लॅटपॅक, म्हणजे कोणत्याही डिस्ट्रोवर चालणारी पॅकेजं. डेस्कटॉपवरच्या सॉफ्टवेअरसाठी मला हा मार्ग सर्वांत सुरक्षित वाटतो, कारण तो सिस्टिमच्या लायब्ररींना हात लावत नाही. बहुतेक डिस्ट्रोंत आधी फ्लॅटहब (फ्लॅटपॅकचं मुख्य भांडार) जोडावं लागतं. उबुंटूवर फ्लॅटपॅक स्वतःच आधी बसवावं लागतं. पहिल्यांदा काही बसवताना शेकडो एमबीचा रनटाइम (प्रोग्रॅम चालवायला लागणाऱ्या फाइलींचा संच) उतरतो, तेव्हा मोबाइलच्या नेटवर असाल तर विचार करा. बसवल्यावर मेनूत दिसलं नाही तर एकदा लॉगआउट करा. टर्मिनलमध्ये नुसतं "गिम्प" लिहून ते उघडत नाही. "फ्लॅटपॅक रन" पुढे पूर्ण ओळखनाव लागतं. फाइल उघडत नसेल तर प्रोग्रॅमला त्या फोल्डरची परवानगी नसते. ती फ्लॅटसील नावाच्या साधनातून देता येते.

३. स्नॅप. फ्लॅटपॅकसारखीच ही उबुंटूची पद्धत. उबुंटूवर आधीच असतो, २२.०४ पासून तिथला फायरफॉक्सही स्नॅपच आहे. मिंटने तो मुद्दाम अडवून ठेवला आहे, त्यामुळे मिंटवर "स्नॅपडी" बसत नाही याला बिघाड समजू नका.

४. निर्मात्याने दिलेली .डेब किंवा .आरपीएम फाइल. उतरवलेल्या फोल्डरमध्ये जाऊन:

सुडो ॲप्ट इन्स्टॉल ./फाइल.डेब

डॉट-स्लॅश हवाच. तो नसेल तर ॲप्ट त्या नावाचं पॅकेज रेपोत शोधतं. "डीपीकेजी -आय" वापरू नका, कारण ते अवलंबून असलेली पॅकेजं आणत नाही आणि अर्धवट बसलेलं पॅकेज मागे ठेवतं. वापरून झालंच असेल तर "सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल" द्या, आणि इथेही सारांश वाचा. फेडोरावर "सुडो डीएनएफ इन्स्टॉल ./फाइल.आरपीएम".

५. तिऱ्हाईत रेपो. पहिल्या टप्प्यात लिहून ठेवलेलं सांकेतिक नाव इथे लागतं. ॲप्टमध्ये किल्ली /ईटीसी/ॲप्ट/कीरिंग्ज मध्ये ठेवायची आणि रेपोच्या ओळीत "साइन्ड-बाय" ने तिचा पत्ता द्यायचा. "ॲप्ट-की" सांगणारी माहिती जुनी आहे, ती सोडा. "ट्रस्टेड=येस" लिहायला सांगणारी माहिती तर धोक्याची आहे, कारण त्याने सही तपासणंच बंद होतं.

सावधान: डेबियनमध्ये उबुंटूचे पीपीए किंवा डेबियनच्याच पुढच्या आवृत्तीचे रेपो घालू नका. आज एक पॅकेज बसेल, पण ते सी लायब्ररी (जवळजवळ सगळे प्रोग्रॅम जिच्यावर चालतात ती) नव्या आवृत्तीवर ओढेल आणि पुढचं प्रत्येक अपडेट अडेल.

६. एयूआर, फक्त आर्चवर. इथली पॅकेजं वापरकर्ते लिहितात. आधी "बेस-डेव्हेल" बसवा, मग पीकेजीबिल्ड ही फाइल उघडून वाचा. सॉफ्टवेअर कुठून उतरतं आहे तो पत्ता तरी नक्की बघा. मग "मेकपीकेजी -एसआय" (दोन्ही लहान), सुडोशिवाय.

७. ॲपइमेज. एकच फाइल असते, तिला "सीएचमॉड +एक्स" ने चालवण्याची परवानगी द्यायची. उबुंटूवर "लिबफ्यूज" ची तक्रार आली तर २२.०४ वर "लिबफ्यूज२" आणि २४.०४ वर "लिबफ्यूज२टी६४" बसवा. नुसतं "फ्यूज" नावाचं पॅकेज बसवू नका, त्याने डेस्कटॉपचे भाग निघून जाऊ शकतात.

"कर्ल" ने (इंटरनेटवरून फाइल आणणाऱ्या कमांडने) आणलेली स्क्रिप्ट थेट "सुडो बॅश" ला देणारी ओळ मी या क्रमात कुठेच घेतलेली नाही. पर्यायच नसेल तर स्क्रिप्ट आधी फाइलमध्ये उतरवा, वाचा, आणि मग चालवा.

## पायथनवाल्यांसाठी वेगळा टप्पा

टेसरॅक्ट हवं म्हणून "पिप इन्स्टॉल पायटेसरॅक्ट" देणारे खूप आहेत (पिप म्हणजे पायथनच्या लायब्ररी बसवणारी कमांड). पायटेसरॅक्ट हा फक्त पायथन आणि इंजिन यांच्यामधला दुवा आहे. इंजिन त्यात नाही. आधी पाचवा टप्पा पूर्ण करा.

मग दुसरी अडचण येते. डेबियन १२ आणि उबुंटू २३.०४ पासून पिप "एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट" असं सांगून थांबतं. सिस्टिमचं पायथन ॲप्टच्या ताब्यात असतं, पिपने त्यात ढवळाढवळ करू नये म्हणून ही अडवणूक आहे. त्याच संदेशात "--ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस" हा पर्याय दिसतो आणि लोक तोच वापरतात. नाव वाचा, तो तेच करू शकतो. योग्य क्रम असा, यात "काम" नावाच्या फोल्डरात पायथनची वेगळी जागा तयार होते:

सुडो ॲप्ट इन्स्टॉल पायथन३-व्हेन्व्ह
पायथन३ -एम व्हेन्व्ह काम
सोर्स काम/बिन/ॲक्टिव्हेट
पिप इन्स्टॉल पायटेसरॅक्ट

नवं टर्मिनल उघडलं की तिसरी ओळ पुन्हा द्यावी लागते.

## अडलं तर

कुलूप लागलं आहे असा संदेश ("कुड नॉट गेट लॉक"). उबुंटू सुरू झाल्यावर मागे आपोआप सुरक्षा अपडेट चालू असतात. दहा मिनिटं थांबा. कुलपाची फाइल काढू नका. ती काढल्याने मागचं काम थांबत नाही, दोन कामं एकाच वेळी एकाच नोंदवहीत लिहू लागतात. ओळखीच्या एका संगणक वर्गातलं मशीन असंच गेलं होतं; पॅकेजांची नोंदवहीच मोडली आणि सिस्टिम नव्याने बसवावी लागली. आर्चवर वीज गेल्यामुळे "डीबी.एलसीके" मागे राहिली असेल, तर पॅकमन खरंच चालू नाही याची खात्री करूनच ती काढा.

मध्येच वीज गेली. डेबियन घराण्यात "सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए", त्यानंतर फिक्स-ब्रोकन. याच क्रमाने.

"नो_पबकी". तिऱ्हाईत रेपोची किल्ली नाही किंवा बदलली आहे. निर्मात्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून नवी घ्या. तो रेपो आता लागत नसेल तर त्याची फाइल काढून टाका, ते जास्त बरं.

फेडोरावर चुकीचं काही बसलं. "डीएनएफ हिस्टरी" मध्ये क्रमांक बघा आणि "सुडो डीएनएफ हिस्टरी अनडू" पुढे तो क्रमांक द्या. ही सोय मला फार आवडते, बहुतेक मशिनांवरच्या ॲप्टमध्ये "/व्हार/लॉग/ॲप्ट/हिस्टरी.लॉग" वाचून हाताने मागे जावं लागतं.

## टप्पा ८: काढून टाकताना

ज्या मार्गाने बसवलं त्याच मार्गाने काढा. फ्लॅटपॅकने आलेलं ॲप्टला दिसत नाही, पिपने आलेलं डीएनएफला दिसत नाही. फोल्डर हाताने उडवलं तर मॅनेजरच्या नोंदीत ते तसंच राहतं.

"ॲप्ट रिमूव्ह" सेटिंगच्या फाइली मागे ठेवतं, "ॲप्ट पर्ज" त्याही काढतं. होम फोल्डरमधल्या तुमच्या फाइलींना दोन्ही हात लावत नाहीत. आर्चवर "पॅकमन -आरएनएस" (आर मोठा, बाकी लहान). फ्लॅटपॅकचे रिकामे रनटाइम "फ्लॅटपॅक अनइन्स्टॉल --अनयूज्ड" ने जातात आणि जागा बरीच मोकळी होते.

"ऑटोरिमूव्ह" देण्याआधी यादी पूर्ण वाचा. एखाद्या मोठ्या पॅकेजच्या निमित्ताने आलेलं, पण आता तुम्ही रोज वापरत असलेलं काही त्यात असू शकतं. तसं दिसलं तर एन दाबा, "सुडो ॲप्ट-मार्क मॅन्युअल" पुढे त्या पॅकेजचं नाव द्या, आणि मगच ऑटोरिमूव्ह पुन्हा चालवा. उबुंटूवर उत्सुकता म्हणून किंवा जागा वाचवायला पायथन३ काढू नका. डेस्कटॉपचे कितीतरी भाग त्यावर चालतात आणि त्याच्यासोबत तेही निघून जातात.